नमस्कार आणि प्रतिनमस्कार

भारतीय माणसाचा दिवस नमस्काराने सुरू होतो असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. अंथरुणातून उठल्यावर जमिनीला पाय लावण्यापूर्वी तिची मनोमन क्षमा मागणारी माणसे अजून घरोघर आहेत. पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात आपोआप पुस्तकाकडून कपाळाकडे जातो. पहिलवान आखाड्याची माती कपाळाला लावतो, तबलजी वाद्याला हात लावून तो छातीशी नेतो, भाजीवाली पहिल्या गिऱ्हाइकाकडून आलेले भवानीचे पैसे डोळ्यांना लावते, एस.टी.चा चालक चाकाला स्पर्श करूनच गाडी सुरू करतो. खंडेनवमीला हत्यारांची, पोळ्याला बैलांची आणि लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा होते. घरी आलेल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे, वाटेत भेटलेल्यास ‘रामराम’ घालावा, सभेत उभे राहताच हात जोडावेत, हे कोणी शिकविले असे विचारले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. इतके ते अंगवळणी पडलेले आहे.

या अंगवळणी पडलेल्या गोष्टींविषयी आपल्याकडे दोन ठराविक मते ऐकू येतात. एका पक्षाला हा सारा आपल्या संस्कृतीच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा वाटतो. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत जगभर हस्तांदोलन थांबले आणि काही परदेशी पुढाऱ्यांनीही हात जोडून अभिवादन सुरू केले, तेव्हा नमस्कार हा किती ‘शास्त्रीय’ आहे याची ग्वाही देण्याची अहमहमिका लागली होती. दुसऱ्या पक्षाला, आणि त्यात पुरोगामी म्हणविणारे पुष्कळ आहेत, हे सारे सरंजामशाहीचे अवशेष वाटतात; ते जितक्या लवकर नष्ट होतील तितके बरे, असे तो मानतो. पहिल्या पक्षाला या आचारांचा इतिहास नको असतो, दुसऱ्याला त्यांच्यामागची माणसाची भूक दिसत नाही. लोकशाही समाजवादाचा विचार करणाऱ्याला या दोन्ही सोप्या वाटा मोकळ्या नाहीत. कृतज्ञता व्यक्त करणे आणि आपल्याहून मोठे असे काही मानणे ही माणसाची गरज आहे, आणि याच गरजेचा उपयोग करून माणसाला माणसापुढे वाकविण्याची व्यवस्था या देशात शतकानुशतके चालली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तेव्हा आदर कोणता आणि ताबेदारी कोणती हे ओळखण्याची काही कसोटी हवी. ती कसोटी शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. नमस्कार केल्यावर नमस्कार परत येतो का, हा प्रश्न विचारला की पुरे.

या प्रश्नाचे गांभीर्य जुन्या शास्त्रकारांनी पुरते ओळखले होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अभिवादनाचे तपशीलवार नियम आहेत. गुरूच्या पायांना हात लावताना हातांची अढी कशी घालावी, आपले नाव कसे उच्चारावे, कोणाला उठून सामोरे जावे, हे सारे तेथे सांगितले आहे. क्षेमकुशल विचारतानाही ब्राह्मणाला एक शब्द, क्षत्रियाला दुसरा, वैश्याला तिसरा आणि शूद्राला चौथा, अशी वाटणी केलेली आहे. दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांचे नाते पिता-पुत्राचे समजावे आणि त्यात पिता तो दहा वर्षांचा मुलगा, हेही तेथेच सांगितले आहे. याच प्रकरणात एक श्लोक असा आहे, की ज्याला अभिवादनाचे उलट अभिवादन करता येत नाही अशा ब्राह्मणाला शहाण्याने नमस्कार करू नये. तो शूद्रासारखाच समजावा. या एका श्लोकात अमृत आणि विष दोन्ही आहेत. जो नमस्कार परत करीत नाही तो नमस्काराला पात्र नाही, हे तत्त्व कोणत्याही समतावादी माणसाने शिरोधार्य मानावे असे आहे. पण त्या तत्त्वाच्या शेवटी जी उपमा येते तिने समाजाचा मोठा भाग त्या परस्परतेच्या बाहेर ठेवला.

व्याकरणही यातून सुटले नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठव्या अध्यायात एक सूत्र आहे. त्याचा आशय असा, की प्रत्यभिवादन करताना समोरच्याच्या नावाचा शेवटचा स्वर लांबवून उच्चारावा. मात्र समोरचा शूद्र असेल तर लांबवू नये. पुढे कात्यायनाने वार्तिक लिहून या अपवादात स्त्रियांचीही भर घातली. आशीर्वाद देताना आवाज किती लांबवायचा, एवढ्या सूक्ष्म बाबतीतही माणसाची पायरी ठरविलेली होती. ज्यांना वाटते की अभिवादनाचे प्रश्न किरकोळ आहेत, त्यांनी या सूत्रावर थोडा वेळ थांबावे. ज्या समाजव्यवस्थेने जमीन, विद्या आणि पाणी यांची वाटणी केली, तिने एका स्वराची लांबीदेखील विनावाटणी ठेवली नाही.

हे सारे केवळ पोथीत होते असे कोणी म्हणेल तर त्याने आपल्याच मुंबईचा इतिहास पाहावा. अठराव्या शतकात सोनार समाजातील लोक एकमेकांना ‘नमस्कार’ म्हणू लागले. ‘नमस्कार’ हा शब्द केवळ आपला, अशी ब्राह्मणांची धारणा होती. पुण्याच्या पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रज कंपनी सरकारकडे याविषयी वारंवार तक्रार केली, आणि त्या सरकारने १७७९ मध्ये ठराव करून सोनारांना ‘नमस्कार’ असे अभिवादन करण्यास मनाई केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात या ठरावाचा उल्लेख केला आहे. आज ज्या नमस्काराला आपण अखिल भारतीय संस्कृतीचे प्रतीक म्हणतो, तो उच्चारण्यास एका कष्टाळू कारागीर जातीला सरकारी हुकमाने बंदी होती. परदेशी व्यापारी आणि स्वदेशी राज्यकर्ते यांचे एरवी हाडवैर होते. माणसाला त्याच्या पायरीवर ठेवण्याच्या कामी मात्र त्यांचे एकमत झाले.

ज्यांना ‘नमस्कार’ नव्हता त्यांना ‘जोहार’ होता. महाराने वाटेच्या कडेला उभे राहून, अंतर राखून, वाकून जोहार करावयाचा आणि पाटलाने किंवा सावकाराने तो मान हलवून किंवा तेवढेही न करता स्वीकारावयाचा, अशी रीत होती. जोहाराला उत्तर म्हणून जोहार कधी परत आला नाही. चोखोबांनी आणि पुढे एकनाथांनी या जोहाराचाच एक रचनाप्रकार केला आणि गावच्या महाराला विठ्ठलाच्या दरबारात उभे करून त्याच्याकडून धन्याला हिशेब सांगविला. अपमानाच्या शब्दातून माणुसकीचा सूर काढण्याचा तो थोर प्रयत्न होता. पण गावच्या चावडीवरचा जोहार त्यामुळे थांबला नाही. तो थांबला तो माणसे संघटित झाली, शिकली, शहरात गिरणीत आणि रेल्वेत नोकरीला लागली तेव्हा. ज्या महार वतनाने हे सारे लादले होते त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ पासून मुंबई विधिमंडळात झुंज दिली आणि अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली. वाकलेली मान आणि पोटाची टाच या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एक सुटल्याखेरीज दुसरी सुटणे शक्य नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. झारखंडमध्ये संथाळ, मुंडा, हो या आदिवासींमध्ये आजही ‘जोहार’ हेच अभिवादन आहे. तेथे म्हातारा तरुणाला जोहार म्हणतो, तरुण म्हाताऱ्याला म्हणतो, आणि त्या शब्दात कोणाला हीनपणा वाटत नाही. उलट तो त्या समाजाच्या अस्मितेचा शब्द झाला आहे. शब्द तोच, पण एका ठिकाणी तो वरून खाली कधी आला नाही, दुसऱ्या ठिकाणी तो दोन्ही बाजूंनी सारखा जातो. म्हणजे दोष शब्दात नाही, शरीराच्या वाकण्यातही नाही. दोष एकतर्फीपणात आहे.

महाराष्ट्राने परस्पर नमस्काराचा जो सर्वांत मोठा प्रयोग केला तो वारकऱ्यांचा. वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. यात आधी कोण आणि नंतर कोण याला महत्त्व नाही. पांढऱ्या केसांचा माळकरी पोरसवदा टाळकऱ्याच्या पायाला हात लावतो, टाळकरी त्याच्या पायाला लावतो, मग दोघे उराउरी भेटतात. प्रत्येकजण प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतो. ज्या देशात पाय हा शरीराचा हीन भाग आणि पायाशी बसणे ही हीन जागा मानली गेली, तेथे एकमेकांच्या पायांना हात लावून उच्चनीचता क्षणभर तरी रद्द करण्याची ही कल्पना क्रांतिकारक होती. पंढरपुरात देवाच्या चरणांना प्रत्येक भाविकाने स्वतः स्पर्श करावा, मधे कोणी नको, हाही त्याच कल्पनेचा भाग. तुकोबांनी वाळवंटातील खेळाचे जे वर्णन करून ठेवले आहे त्याचे मर्म हेच आहे.

परंतु या गौरवाबरोबर एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. वाळवंटातील ही समता महाद्वारापाशी येऊन थांबत होती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. ती आत नाही. नामदेवांनी त्यांना तेथवर आणले, पण त्यांच्या बांधवांना ती पायरी ओलांडण्यासाठी सहाशे वर्षे थांबावे लागले. १ मे ते १० मे १९४७ या काळात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि मगच विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले झाले. पूजेवरील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपण्यास २०१४ साल उजाडावे लागले. त्यासाठी १९७३ चा कायदा आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला. अभंगाने जे काम अर्धे केले ते सत्याग्रहाला आणि कायद्याला पुरे करावे लागले, हा या इतिहासाचा धडा आहे.

वरवर पाहता येथे एक विसंगती दिसते. एकीकडे दलितांनी जोहार नाकारला, म्हणजे वाकण्यास नकार दिला. दुसरीकडे १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह झाला आणि १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण झाले, ते देवापुढे वाकण्याचा हक्क मिळावा म्हणून. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर जाण्यासाठी स्त्रियांनी केलेली चळवळही याच जातीची. मग माणसाला वाकावयाचे आहे की नाही? या प्रश्नाचे उत्तर असे, की माणसाला आपला नमस्कार कोणाला करावयाचा हे स्वतः ठरवावयाचे आहे. सक्तीने करविलेला नमस्कार आणि सक्तीने नाकारलेला नमस्कार ही एकाच गुलामगिरीची दोन रूपे आहेत. ज्याला नमस्कार नाकारण्याची मोकळीक आहे त्याच्याच नमस्काराला काही मोल असते. काळारामाचे दार न उघडल्यावर बाबासाहेबांनी तो देवच नाकारला, हे या स्वातंत्र्याचेच पुढचे पाऊल होते.

त्या चळवळीतून आलेले ‘जय भीम’ हे अभिवादन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास यांनी ते १९३० नंतरच्या दशकात रुजविले असे मानले जाते. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’ हेच. म्हणणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची उंची त्यात सारखी राहते. ‘जय हिंद’, ‘जय जगत्’, ‘जिंदाबाद’, ‘लाल सलाम’ या सर्वांची घडण अशीच आहे. स्वातंत्र्याच्या आणि समतेच्या चळवळींनी या देशाला जी अभिवादने दिली ती सगळी परत येणारी आहेत, हा योगायोग नाही. ज्या चळवळीला नवा समाज घडवावयाचा असतो तिला भेटीचा पहिला शब्दही नवा घडवावा लागतो.

आता घराकडे वळू. गावच्या चावडीवर जे घडत होते ते घराच्या उंबऱ्याच्या आतही घडते, आणि तेथे त्याला प्रेमाचे नाव असल्यामुळे ते दिसत नाही. लग्नात मुलीचे आईबाप जावयाचे पाय धुतात. वयाने वडील असलेली माणसे केवळ मुलीकडची म्हणून खाली बसतात. नवी सून सासरच्या लहानथोर सर्वांच्या पाया पडत घरभर फिरते. नवरा बायकोला ‘अगं’ म्हणतो, बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते. त्या ‘अहो’ला ‘अहो’ परत येत नाही. पाणिनीच्या सूत्रात कात्यायनाने घातलेली भर घरोघरच्या बोलण्यात अजून जिवंत आहे. नव्या पिढीतील पुष्कळ नवराबायको एकमेकांना नावाने, एकेरीत हाका मारतात. तिला उद्धटपणा समजणाऱ्यांनी आपल्या रागाचे कारण तपासावे. एकेरी दोन्हीकडून असेल तर तिच्यात सलगी असते, एकीकडूनच असेल तर सत्ता असते.

हळदीकुंकवाचा सन्मान ज्यांना मिळतो त्या स्त्रियांपेक्षा ज्यांना तो नाकारला जातो त्यांच्याकडे पाहिले की या उपचाराचे दुसरे अंग दिसते. विधवेला ओवाळणीत स्थान नाही, मुलाच्या लग्नात पुढे येण्याची मुभा नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून तो इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. एका गावाने कुंकू पुसण्याच्या आणि बांगड्या फोडण्याच्या रिवाजाला ग्रामसभेत उत्तर दिले, ही अलीकडच्या काळातील मोठी घटना आहे. समाजसुधारणा संपली असे म्हणणाऱ्यांनी हेरवाडला जावे.

आपल्या आदराच्या आचारांमध्ये आणखी एक विलक्षण गोष्ट आढळते. वस्तूंना जो मान मिळतो तो ती वस्तू घडविणाऱ्या आणि वापरणाऱ्या हातांना मिळत नाही. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतात, तिला पाय लागू देत नाहीत. पण वर्षभर झाडू हातात धरणाऱ्याला कपबशी वेगळी ठेवतात. तबल्याला नमस्कार करतात. त्यावर कातडे चढविणाऱ्याची वस्ती गावाबाहेर होती. बैलाला पोळ्याला पुरणपोळी मिळते. त्याच बैलाच्या मागे चालणाऱ्या सालगड्याचा हिशेब पाडव्याला होतो तेव्हा त्याच्याच अंगावर बाकी निघते. श्रमाच्या साधनांना देव मानणारी ही संस्कृती श्रम करणाऱ्याला माणूस मानण्यास का कचरते, याचे उत्तर संस्कृतीच्या पुजाऱ्यांनी द्यावे.

अशा वेळी प्रतीकाचा आधार घेणे राज्यकर्त्यांना सोयीचे असते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या राष्ट्रपतींनी काशीत दोनशे ब्राह्मणांचे पाय जाहीरपणे धुतले, तेव्हा डॉ. राममनोहर लोहियांनी १९५३ मध्ये जाती आणि स्त्री यांच्या दोन बंदिवासांवर लिहिताना त्यावर प्रखर टीका केली. एका जातीला केवळ जन्मामुळे हा मान देणे म्हणजे उरलेल्या सर्वांचा अपमान करणे, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. त्यानंतर सहासष्ट वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. दोनशे ब्राह्मणांपासून पाच सफाई कामगारांपर्यंत झालेला हा बदल नाकारण्याचे कारण नाही. पाय कोणाचे धुवावेत याविषयीचा लोकांचा विवेक बदलला म्हणूनच राज्यकर्त्यांना तसे करावे लागले. परंतु सफाई कामगाराची मागणी पाय धुवावेत अशी कधीच नव्हती. गटारात उतरावे लागू नये, ही त्याची मागणी आहे. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा नवा कायदा २०१३ मध्ये झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढविण्याची वेळ यावी याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. धुतलेले पाय पुन्हा त्याच गटारात उतरणार असतील तर त्या पाण्याने कोणाचे पाप धुतले गेले?

मार्च २०२० मध्ये आरोग्यसेवकांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्या वाजविणाऱ्या सामान्य माणसांच्या मनात खरी कृतज्ञता होती, तिची थट्टा करणे योग्य नाही. पण पुढच्याच वर्षी, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशा सेविकांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. सरकारने केलेला नमस्कार हा वेतनचिठ्ठीत दिसला पाहिजे. तो तेथे दिसत नसेल तर तो उधारीचा नमस्कार होय.

आता राजकारणाकडे, म्हणजे आपल्याकडे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे केलेल्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी जो इशारा दिला तो सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील एक तपशील बारकाईने पाहण्याजोगा आहे. जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेऊन त्यांनी सांगितले, की कितीही थोर माणूस असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायांशी ठेवू नये. धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, राजकारणातील भक्ती मात्र अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मिलच्या देशात ‘पायांशी’ हा केवळ अलंकार होता. आपल्या देशात तो अक्षरशः घडणारा रोजचा प्रकार आहे. ज्या तमिळनाडूत पेरियारांनी स्वाभिमान आंदोलन उभे केले, तेथेच जयललितांच्या कारकीर्दीत मंत्री लोटांगण घालताना साऱ्या देशाने पाहिले. महाराष्ट्रालाही हसण्याचा अधिकार नाही. उमेदवारीच्या मोसमात नेत्यांच्या बंगल्यांवर जे चालते ते सर्वपक्षीय आहे. पाया पडणारा तेथे काही मागावयास आलेला असतो आणि पाय पुढे करणाऱ्याला ते माहीत असते. हा आदर नव्हे, हा सौदा आहे. आणि जो आज वाकून तिकीट मिळवितो तो उद्या निवडून आल्यावर मतदारांना वाकविल्याखेरीज राहत नाही. शिवाय नमस्कार हा निष्ठेचा पुरावाही नव्हे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर गोळ्या झाडणाऱ्यानेही आधी वाकून नमस्कार केला होता.

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा, की आईवडिलांच्या, गुरूंच्या, आयुष्य वेचलेल्या वृद्ध कार्यकर्त्याच्या पाया पडण्यात गैर काय? काहीच गैर नाही. ज्याच्याकडून आपल्याला काही मिळाले आहे आणि आता मिळावयाचे नाही, त्याच्यापुढे मोकळ्या मनाने वाकणे हे माणसाचे भूषण आहे. अशा नमस्काराला उत्तर येतेच. पाठीवर फिरणारा हात हा प्रतिनमस्कारच होय. साने गुरुजींइतका नम्र माणूस महाराष्ट्राने क्वचितच पाहिला, पण त्यांची नम्रता बडव्यांपुढे ताठ उभी राहिली. नम्रता आणि लाचारी यांतील भेद ज्याला कळला त्याला वाकण्याची भीती वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो चळवळीतूनच येतो. जमीन, मजुरी, महागाई हे प्रश्न समोर असताना हात जोडण्या-न जोडण्याची चर्चा कशाला? पण मजुराला स्वतःच्याच कष्टाचा पैसा मागताना हात जोडून उभे राहावे लागते, तेथे हे दोन प्रश्न वेगळे उरत नाहीत. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्याने केवळ खडी फोडण्याचे काम दिले नाही. दुष्काळात ‘मायबाप सरकार’कडे केलेली याचना त्याने हक्काच्या मागणीत बदलली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कचेरीच्या दारात ताटकळणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला. २०१२ मध्ये राष्ट्रपतींसाठीचे ‘महामहिम’ हे संबोधन बाजूस ठेवले गेले, ती गोष्ट लहान असली तरी दिशा तीच आहे. मान ताठ होण्याला अर्थशास्त्र लागते हे खरे. पण ताठ मानेची सवय नसेल तर मिळालेला हक्कही माणूस मेहेरबानी म्हणून घेतो, हेही तितकेच खरे.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्याने ही गोष्ट स्वतःपासून सुरू केली पाहिजे. त्याला कायद्याची किंवा सत्तेची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या शिबिरात चहा घेऊन येणाऱ्या मुलाला आपण कोणत्या पुरुषात हाक मारतो? घरी धुणेभांडी करणाऱ्या वयस्क बाईंना आपली मुले ‘अगं’ म्हणतात की ‘अहो’? आपल्या सभांमध्ये शाल-श्रीफळाला तास जातो, पण सतरंज्या घालणाऱ्याचे नाव कोणी घेतो का? सभेनंतर तरुण मुले पाया पडावयास आली तर ज्येष्ठ नेते मागे सरतात की स्थिर उभे राहतात? पक्षातील स्त्रियांच्या वाट्याला व्यासपीठावर ओवाळण्याचे काम येते की बोलण्याचे? हे प्रश्न ठरावात घालण्याचे नाहीत. त्यांची उत्तरे रोज द्यावी लागतात आणि लोक ती आपल्या जाहीरनाम्याच्या आधी वाचतात.

राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, अठराव्याने पदव्या आणि किताब रद्द केले. ही दोन कलमे एकापुढे एक यावीत यात मोठे औचित्य आहे. कोणी जन्माने खाली नाही आणि कोणी राज्याच्या कृपेने वर नाही, असा त्यांचा एकत्रित अर्थ होतो. त्या अर्थाला रोजच्या व्यवहारात उतरविण्यासाठी नमस्कार सोडण्याची गरज नाही. तो सर्वांना करावा, मनापासून करावा, आणि आपल्याला कोणी केला तर तो कधीही तसाच ठेवून घेऊ नये. सतरंज्या गुंडाळणाऱ्याने हात जोडले, तर व्यासपीठावरून उतरणाऱ्याने हातातील हारतुरे खाली ठेवून आपलेही दोन्ही हात जोडावेत. समतेच्या कामाला एवढ्याने पुरेसे होणार नाही, पण एवढेही न करणाऱ्यांनी समतेचे नाव घेऊ नये.